वाचकांचे प्रश्न : वेब डिझाइन पुन्हा शिकायचं, पण कुणाकडून?

प्रश्न : ताई, नमस्कार. २००५ ते २०१४ मी पुण्यात एका छोट्या एजन्सीत वेब डिझायनर होते. फोटोशॉपमध्ये पान काढायचं, त्याचे स्लाइस पाडायचे, ड्रीमवीव्हरमध्ये जोडायचं, फ्लॅशचे बॅनर, पुढेपुढे जेक्वेरीचे स्लायडर असं काम. मग मुलगी झाली, यजमानांची बदली झाली, सासूबाईंचं आजारपण आलं आणि काम सुटलं ते सुटलंच. आता मुलगी मोठी झालीय, माझं वय ४३. जवळच्या क्लासमध्ये चौकशी केली तर म्हणाले, ‘मॅडम, नुसतं वेब डिझाइन आता राहिलंच नाही, फुल स्टॅक करा.’ सहा महिने, ७८ हजार अधिक जीएसटी, हप्ते पाडून मिळतील, शंभर टक्के प्लेसमेंट. ऑनलाइन बघावं तर सर्टिफिकेट कोर्सचे ढीग. यजमान म्हणतात, ‘हे सगळं एआय करतं, कशाला पैसे घालवतेस?’ मला मोठ्या कंपनीत जायचं नाही, घरून कामं घ्यायची आहेत. काय करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. घरून कामं घ्यायची आहेत. हे क्लासवाल्यांनी विचारलं होतं का? विचारलं असतं तर फुल स्टॅक, म्हणजे दिसणारं पान आणि मागचा सर्व्हर दोन्ही, तुमच्या गळ्यात मारणं त्यांना जरा जड गेलं असतं. त्या सहा महिन्यांत रिअ‍ॅक्ट, नोड, मोंगोडीबी वगैरे येतं. सॉफ्टवेअर कंपनीत डेव्हलपर म्हणून लागायचं असेल त्याला ते हवंच. पण गुळाचे व्यापारी, दातांचे डॉक्टर, ट्रेकिंगचा ग्रुप, एखादी पतसंस्था अशांच्या साइट करून देणाऱ्या बाईला सर्व्हरची बाजू वर्षाकाठी एखाद्या वेळी लागणार, आणि तेवढं काम करून देणारी मुलं कोल्हापुरात भरपूर आहेत. ७८ हजारांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९२ हजार ४० रुपये. एवढ्यात बरा लॅपटॉप येतो आणि वर शिकायलाही पैसे उरतात.

तुमचं नक्की शिळं काय झालंय ते आधी बघू, कारण क्लासवाले सगळंच शिळं झालं म्हणून सांगतात आणि तुम्हीही ते मुकाट ऐकून घेतलेलं दिसतंय. पानावर मोकळी जागा कुठे सोडायची, मथळा किती मोठा, फोटो कुठून कापायचा, एका पानावर किती रंग पुरे, हे तुम्हाला नऊ वर्षांच्या कामातून आलेलं आहे. त्याची मुदत संपत नाही. क्लायंटने ‘लोगो जरा मोठा करा’ म्हटल्यावर त्याला न दुखावता कसं वळवायचं, हे तर कुठल्याच सिलॅबसमध्ये नसतं. आमच्या नाशिकच्या ऑफिसात कोर्स करून आलेली मुलं मुलाखतीला येतात. त्यांना रिअ‍ॅक्ट येतं, पण दोन परिच्छेदांमध्ये किती अंतर ठेवलं आणि का, असं विचारलं की गडबडतात.

संपलं ते संपलं. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. ज्याच्यापायी आपण रात्री जागवल्या ते इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने निवृत्त केलं. त्याच्यासाठी पाठ केलेले सगळे तोडगे खुशाल विसरा. फोटोशॉपमध्ये पान काढायची पद्धत जवळजवळ गेली, ते काम आता फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरात होतं. फिग्माची धास्ती नको, फोटोशॉपचे लेयर हाताळलेल्या माणसाला पंधरा दिवस पुरतात. ड्रीमवीव्हरऐवजी बहुतेकजण व्हीएस कोड वापरतात, ते फुकट आहे.

खरा बदल मांडणीत झालाय. तीन कार्डं एका ओळीत बसवायला आपण काय काय करायचो आठवा. प्रत्येकाला फ्लोट लेफ्ट, रुंदी ३३.३३ टक्के. पॅडिंगमुळे तिसरं कार्ड खाली घसरलं की रुंदी ३१ वर आणायची, शेवटी क्लिअरफिक्स लावायचा, आणि एका कार्डातला मजकूर लांबला की तिघांची उंची जुळवायला जेक्वेरी. मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिन्हींमध्ये सीएसएसचं, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचं, ग्रिड आलं. आता बाहेरच्या डिव्हला (चौकटीला) ग्रिड लावायचं आणि एका ओळीत सांगायचं की प्रत्येक कार्ड निदान २२० पिक्सेल रुंद ठेव, मावतील तेवढी शेजारी बसव, उरलेली जागा सगळ्यांना सारखी वाटून दे. रिपीट, ऑटो-फिट, मिनमॅक्स आणि एफआर हे चार शब्द त्यासाठी लागतात. मोबाइलवर एकाखाली एक, टॅबलेटवर तीन, मोठ्या स्क्रीनवर चार-पाच, आणि स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे नियम बदलणारी मीडिया क्वेरी एकही नाही. एका ओळीतल्या कार्डांची उंची आपोआप सारखी. पहिल्यांदा हे चालताना बघाल तेव्हा जुन्या दिवसांचा राग येईल, तो येऊ द्या.

फ्लेक्सबॉक्स याच्याच जोडीचं. मेनू, बटणांची ओळ असल्या एका रांगेतल्या गोष्टींना ते, आणि आडव्या-उभ्या मांडणीला ग्रिड. २०२३ पासून कंटेनर क्वेरीही सगळ्या मोठ्या ब्राउझरांत चालतात. म्हणजे कार्ड स्क्रीनची रुंदी न बघता स्वतःला मिळालेली जागा बघून बदलतं. हे दुसऱ्या महिन्यात केलंत तरी चालेल.

फोटोंचं एक सांगते, कारण तुमच्या वेळच्या माणसांना हे उलटं वाटतं. रिस्पॉन्सिव्हची लाट आली तेव्हा इमेज टॅगमधली रुंदी-उंची काढून टाका, असं आपल्याला सांगण्यात आलं. आता ती परत घालायची. ब्राउझर त्या दोन आकड्यांवरून फोटोचं प्रमाण काढतो आणि फोटो येण्याआधीच तेवढी जागा राखून ठेवतो. नाही घातली तर फोटो आल्यावर मजकूर खाली उडी मारतो आणि माणूस ‘फोन करा’वर बोट ठेवायला जातो ते भलत्याच लिंकवर पडतं. गूगल या उडीचं मोजमाप करतं, ती ०.१ च्या आत हवी. पानावरचा मोठा भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा, आणि बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत काहीतरी हलायला हवं. या तीन आकड्यांना कोअर वेब व्हायटल्स म्हणतात. तिसरं मोजमाप मार्च २०२४ पासूनचं आहे. कुठल्या क्लासच्या सिलॅबसमध्ये त्याजागी अजून जुनं ‘फर्स्ट इनपुट डिले’ छापलेलं असेल तर तो सिलॅबस किती दिवस कुणी उघडलेला नाही ते कळतं.

आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी. दिव्यांगांनाही साइट नीट वापरता यावी, हे तुमच्या वेळेस कुणी विचारत नव्हतं, आता विचारतात. सरकारी साइटसाठी जीआयजीडब्ल्यू नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. परदेशातलं काम आलं तर पहिल्याच मेलमध्ये डब्ल्यूसीएजी या त्याच विषयाच्या जागतिक नियमावलीचा उल्लेख असतो. आपल्याला आवडणारा तो फिकट राखाडी मजकूर घ्या, हॅश ९९९, पांढऱ्यावर. त्याचा कॉन्ट्रास्ट भरतो जेमतेम २.८ आणि हवा असतो निदान ४.५. चाळिशी लागलेल्या आपल्यासारख्यांना तो वाचताना त्रास होतोच की! दुसरं, लिंकभोवती येणारी निळी चौकट ‘दिसायला घाण’ म्हणून आपण आउटलाइन नन लिहून घालवायचो. माउस न वापरता कीबोर्डवर चालणाऱ्या माणसाला त्या चौकटीवरूनच कळतं की आपण पानावर कुठे आहोत. ती घालवायची नाही, हवी तर आपल्या रंगाची करायची.

आता क्लासकडे वळू. पण पैसे भरण्याआधी घरी एक पान करून बघा. कुठलंही फ्रेमवर्क, म्हणजे तयार कोडचा सांगाडा, नको, बूटस्ट्रॅपसुद्धा नको. गुळाच्या व्यापाऱ्याचं पान धरा. वर नाव आणि फोन, खाली सहा वस्तू, फोटो आणि भावासकट, मग ऑर्डरचा छोटा फॉर्म आणि पत्ता. झालं की क्रोममध्ये उघडून राइट क्लिक, इन्स्पेक्ट, मोबाइलची खूण दाबून रुंदी ३६० करा. आडवं सरकतंय का? मग माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅब बटणाने फॉर्म भरून पाठवता येतो का ते बघा. झूम २०० टक्क्यांवर न्या. शेवटी तिथल्याच लाइटहाउस या तपासणीच्या साधनातून रिपोर्ट काढा. जिथे जिथे अडाल ते एका वहीत लिहा. तुमचा सिलॅबस तोच. ही वही घेऊन क्लासमध्ये जा आणि विचारा, यातलं काय काय शिकवता? बोलणं कसं बदलतं बघा.

शिकवण्याचे पैसे देऊ नका, तपासण्याचे द्या. माझं या विषयावरचं सगळं म्हणणं एवढंच आहे. शिकवणी फुकट पडलेली आहे आणि ती उत्तम आहे. मोझिलाच्या एमडीएनवर सगळा अभ्यासक्रम आहे, गूगलच्या वेब डॉट डेव्हवर सीएसएसचे धडे आहेत, फ्रीकोडकॅम्पचं रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनचं सर्टिफिकेट एक रुपया न देता मिळतं, अ‍ॅक्सेसिबिलिटीचा वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचा कोर्स एडएक्सवर फुकट करता येतो. घरी बसून मिळत नाही ती एकच गोष्ट. तुमचा कोड उघडून ‘इथे डिव्ह का वापरलात, बटण टॅग का नाही?’ असं विचारणारा माणूस. त्याच्यासाठी क्लास लावा. नऊ वर्षं एका पद्धतीने हात चाललाय तुमचा. जुनी सवय आपली आपल्याला दिसत नाही, पान तर दिसायला ठीकच असतं.

म्हणून डेमो लेक्चरला बसाल तेव्हा शिक्षक किती छान बोलतात ते बघू नका. मागच्या बॅचमधल्या एखाद्या विद्यार्थ्याचं पान तुमच्या स्वतःच्या फोनवर उघडून मागा. असाइनमेंट कोण तपासतं ते विचारा. सर स्वतः की गेल्या वर्षी इथेच शिकलेला मुलगा? तपासलेली एखादी असाइनमेंट दाखवाल का? नुसते ‘गुड’ आणि दहापैकी आठ असे शेरे असतील तर उठा. बॅचमध्ये किती जण? पंचवीसच्या वर असतील तर कोड कुणी उघडत नाही, कितीही सांगोत. मार्की टॅग आणि टेबल लेआउटपासून सुरू होणारे सिलॅबस अजून छापले जातात. त्यांना लांबूनच नमस्कार.

एचटीएमएल, सीएसएस, थोडं जावास्क्रिप्ट, फिग्मा आणि वर्डप्रेस एवढं असलेला तीन-चार महिन्यांचा संध्याकाळचा कोर्स, पंधरा-वीस हजारांच्या आत, तुम्हाला पुरेल. वर्डप्रेसला नाक मुरडू नका. घरून कामं घेणाऱ्याचं पोट बहुतेक त्यावरच चालतं. तुम्ही सोडलंत त्यानंतर, डिसेंबर २०१८ मध्ये, त्यात ब्लॉकचा एडिटर आला आणि पुढे थीम करायची पद्धतच बदलली. जुन्या पीएचपी थीमच्या भरवशावर राहू नका. तसा क्लास गावात मिळालाच नाही तर महिन्यातून चार तास पान तपासून देईल असा एखादा काम करणारा डिझायनर गाठा आणि तासाचे पैसे द्या. तुमची पुण्याची जुनी मंडळी असतीलच की अजून या धंद्यात. फोन करायला संकोच वाटतो हे माहीत आहे मला, तरी करा.

सीडॅकचं नाव तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. त्यांचा प्रगत संगणनाचा डिप्लोमा नावाजलेला आहे, पण तो मुख्यतः इंजिनिअरिंगच्या पदवीनंतर सॉफ्टवेअरमध्ये शिरणाऱ्यांसाठी, दिवसभराचा, प्रवेश परीक्षा देऊन. तुमच्या कामाचा नाही. गूगलचं यूएक्सचं सर्टिफिकेट कोर्सेरावर आहे. त्यात लोकांशी बोलून गरजा शोधणं, प्रोटोटाइप करणं हे चांगलं शिकवतात. मात्र तुम्ही अडलाय सीएसएसवर, आणि तिथे त्याचा उपयोग नाही. पुढे कधीतरी.

हप्त्यांबद्दल नीट वाचा. क्लासमध्ये ‘ईएमआय’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा ते कुठल्या तरी फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, तुमच्या नावावर, तुमच्या पॅनवर. कंपनी क्लासला पैसे एकदम देऊन मोकळी होते. दुसऱ्या महिन्यात शिक्षक बदलले, तुम्ही सोडलंत, तरी हप्ता सुरूच, आणि थकला तर सिबिलवर डाग. अ‍ॅपवरून घेतलेल्या कर्जाला विचार बदलायची मुदत देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय, ती किती दिवसांची ते करारात बघा. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ लेटरहेडवर लिहून मागा, कुठल्या पगाराची आणि नाही मिळाली तर फी परत का, हेही त्यात हवं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या फसव्या जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत नोकरीच्या हमीचे खोटे दावे करायला मनाई आहे. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि तुम्हाला नोकरी नकोच आहे, मग प्लेसमेंटचे पैसे तुम्ही का भरायचे?

राहिले यजमान. ते अगदीच चुकीचं बोलत नाहीत. एआयला सांगितलं तर गुळाच्या व्यापाऱ्याचं पान दोन मिनिटांत येतं आणि दिसतंही देखणं. पण वर सांगितलेल्या चाचण्या त्या पानाला लावून बघा. कुठे क्लिक होणारा डिव्ह असतो ज्यावर टॅब जातच नाही, कुठे राखाडीवर राखाडी, कुठे न मागितलेला स्लायडर. ते ओळखून दुरुस्त करणारं कुणीतरी लागतंच, आणि व्यापारी त्याचेच पैसे देतो. वापरा एआय, मी रोज वापरते. फक्त पहिले सहा आठवडे कोड स्वतःच्या हाताने लिहा. नाहीतर आलेलं बरोबर आहे की नाही हे कशावरून ठरवणार? यजमानांना हवं तर टॅब बटणाने फॉर्म भरायच्या चाचणीला बसवा.

प्रश्न : मी सोलापुरात वीस वर्षं डीटीपी करतोय. कोरलड्रॉ, पेजमेकर, मराठी फॉन्ट हातातले. लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक. छपाईची कामं कमी होत चाललीत म्हणून वेब डिझाइनचा कोर्स करावा म्हणतो. पण मराठी मजकूर वेबवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा कचरा होतो. त्याला काही उपाय कोर्समध्ये शिकवतात का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही शिकवत, दादा. आणि शिकवायला हवं ते नेमकं हेच, कारण मराठी साइटचं निम्मं काम इथे असतं.

तुम्ही वापरता त्या जुन्या फॉन्टमध्ये ‘क’ हा खरा ‘क’ नसतो. कुठल्या तरी इंग्रजी अक्षराच्या खणात ‘क’चं चित्र बसवलेलं असतं. तुमच्या मशीनवर तो फॉन्ट आहे म्हणून मराठी दिसतं. वेबवर फॉन्ट गेला की खणातलं मूळ अक्षर उघडं पडतं. फॉन्ट कसाबसा सोबत पाठवलात तरी गूगलला तो मजकूर सापडत नाही आणि दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर काहीतरी अगम्य बरळतो. प्रत्येक अक्षराला स्वतःचा पक्का क्रमांक देणाऱ्या युनिकोडला पर्याय नाही. भारतीय भाषांच्या प्रमाण इनस्क्रिप्ट कीबोर्डवर बसा. जुन्या कळफलकाची सवय मोडायला महिना-दीड महिना जातो, चिडचिड होते, मग हात बसतो.

जुना मजकूर बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना आपण आधी वेलांटी टाकायचो, मग ‘क’. युनिकोडमध्ये आधी ‘क’ आणि मागून वेलांटी साठवली जाते. कन्व्हर्टर ती हलवतो, पण जोडाक्षर आलं की कधी कधी भलत्या अक्षरावर नेऊन बसवतो. रफार आणि ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ मधला अर्धा ‘र’ हे दोन खास तपासा. तुमचं प्रुफं वाचायचं कसब इथे कामी येईल. त्याचे पैसे वेगळे लावा, लाजू नका.

कोर्स निवडताना ‘ग्राफिक अँड वेब डिझाइन’ असा जोडकोर्स घेऊ नका, त्यातलं ग्राफिक तुम्हाला येतं. फक्त एचटीएमएल-सीएसएसचा घ्या, आणि शिक्षकांच्या मागे लागून सराव मराठी मजकुरावरच करा. क्लासमध्ये सगळं ‘लोरेम इप्सम’वर चालतं, त्यामुळे देवनागरीची दुखणी कधी दिसतच नाहीत. मथळ्याला लेटर स्पेसिंग दिलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचं एकेक अक्षर सुटं होतं. इंग्रजी पानाचं १.२ चं लाइन हाइट ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. १.६ पासून सुरू करा, परिच्छेदाला १.७ सुद्धा चालतं. इंग्रजीला पुरणारा १६ पिक्सेलचा आकार बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये बारीक वाटतो, १८ करून बघा.

पानाच्या पहिल्या टॅगमध्ये भाषेचा कोड एमआर घाला. क्लासच्या तयार टेम्पलेटमध्ये तिथे ईएन असतं आणि कुणी बदलत नाही. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळे, हे तुम्हाला मी काय सांगायचं. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि भाषा मराठी सांगितली तरच मराठी वळण उमटतं. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडरसुद्धा याच कोडवरून ठरवतो की मराठीत वाचायचं.

फॉन्टची काळजी नको. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, नोटो सान्स देवनागरी आहे, अंकासारखा लांब मजकूर असेल तर टिरो देवनागरी मराठी बघा. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा जड असते, त्यामुळे एकाच फॉन्टची पाच वजनं ओढू नका. दोन पुरेत. छपाईत एका रुपयालाही न पडणारी ही गोष्ट वेबवर वाचणाऱ्याच्या डेटातून जाते.

दिवाळी अंकवाले तुमचे जुने गिऱ्हाईक आहेत ना? त्यांच्याकडे मागच्या अंकांचे पीडीएफ पडून असतील, सगळे जुन्या फॉन्टमधले. ते युनिकोडमध्ये आणून वेबवर वाचण्याजोगे करून देणारा माणूस त्यांना कुठे मिळतो? तुमच्या गावातल्या कुठल्या वेब डिझायनरला हे जमणार नाही.

प्रश्न : कोर्सला प्रवेशासाठी पोर्टफोलिओ मागितलाय. माझं २०१२ पर्यंतचं चांगलं काम सगळं फ्लॅशमध्ये आहे. ते दाखवावं का, आणि दाखवणार कसं?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : फ्लॅशच्या मूळ एसडब्ल्यूएफ फाइल जपून ठेवल्या असतील तर रफल नावाचा फुकट एम्युलेटर त्या आजच्या ब्राउझरमध्ये चालवतो. इंटरनेट आर्काइव्हने २०२० मध्ये जुन्या फ्लॅशचा संग्रह याच्याच जोरावर उघडला. साधी अ‍ॅनिमेशन चांगली चालतात. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ मधली गुंतागुंतीची कामं चालतील याची खात्री नाही, आधी लावून बघा. फाइलच नसतील तर साइटचा पत्ता जुनी पानं साठवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये टाका, निदान पानाचा सांगाडा आणि तारीख मिळते.

दाखवायचं म्हणाल तर दोनच कामं दाखवा, आणि जिवंत न दाखवता स्क्रीन रेकॉर्ड करून पाऊण मिनिटाचा व्हिडिओ करा. त्यातलं एक काम निवडून आजच्या पद्धतीने, सीएसएसच्या ट्रान्झिशन आणि कीफ्रेममध्ये नव्याने करून शेजारी ठेवा. सगळं नको, एखादा मेनू किंवा सुरुवातीची हालचाल. हे करताना प्रेफर्स रिड्यूस्ड मोशन ही मीडिया क्वेरीही लावा, म्हणजे ज्यांना हलत्या गोष्टींनी गरगरतं त्यांनी फोनवर हालचाल कमी केली असेल तर तुमचं पान ते ऐकेल. आणि त्या काळचा ‘स्किप इंट्रो’ असलेला पडदा कृपा करून पोर्टफोलिओच्या सुरुवातीला लावू नका.